अक्षरांभोवतीची धूळ

फ्लेक्सच्या दुकानात हा संवाद नेहमीचा. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, "हा लोगो टाका." ऑपरेटर तो मोठा करून बघतो आणि नकारार्थी मान हलवतो. अक्षरांच्या कडेला करड्या ठिपक्यांची धूळ बसलेली असते. "ओरिजिनल आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

ही धूळ जेपेगची.

१२ मेगापिक्सेलचा फोटो जसाच्या तसा ठेवायचा तर साधारण ३६ एमबी जागा लागते. जेपेग तो तीन-चार एमबीत बसवतो. १९९२ साली मानक ठरलेली ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, चौकोनातला उजेडाचा चढउतार लहरींच्या रूपात मांडते आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत अशा बारीक लहरींना कात्री लावते. रंगाच्या तपशिलात तर ती आणखी हात आखडते, कारण रंगातला सूक्ष्म फरक डोळा तितकासा टिपत नाही. यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने या कामाला पैसे द्यायला नकार दिला होता!

आकाश किंवा गाल यांच्या छटा हळूहळू बदलतात, तिथे ही काटछाट खपून जाते. पांढऱ्यावरचं काळं अक्षर मात्र एकदम सुरू होतं, एकदम संपतं. ती धारदार कड उभी करायला नेमक्या त्याच बारीक लहरी लागतात; त्या कापल्या की कडेला धूळ उरते.

याउलट पीएनजी फॉरमॅट पिक्सेल जसेच्या तसे जपतो, पार्श्वभूमी पारदर्शकही ठेवतो. त्याचा जन्म भांडणातून झाला. १९८७ च्या, अवघ्या २५६ रंगांच्या जिफ फॉरमॅटमधल्या संकोचनपद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. १९९४ अखेरीस रॉयल्टीची भाषा सुरू झाली, प्रोग्रामर खवळले आणि १९९६ मध्ये पीएनजी प्रमाणित झाला. जिफ मात्र हलतं म्हणून टिकलं. फोटो पीएनजीत ठेवणं म्हणजे उगाच ओझं वाहणं.

आयफोनने २०१७ मध्ये स्वीकारलेला हाइक (HEIC) फॉरमॅट जेपेगच्या जवळपास निम्म्या जागेत भागवतो. फक्त 'जेपीजी'च मागणारे ऑनलाइन फॉर्म त्याला दारातच अडवतात.

दुकानात गिऱ्हाईक तोवर तोच लोगो कुठल्याशा अ‍ॅपमधून पीएनजी करून पाठवतं. फाईल आता तिप्पट जड झालेली असते, धूळ तेवढीच. ऑपरेटर निमूटपणे लोगो नव्याने काढायला घेतो.