आजोबांचं ऑपरेशन आणि पोथीचं पारायण : याचा खरंच उपयोग होतो का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल नावाचं गाव आहे. शेगाव इथून जवळच. या भागात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मोठं ऑपरेशन ठरलं की दोन तयाऱ्या सोबतच सुरू होतात. एकीकडे रिपोर्टची फाईल, पैशांची जुळवाजुळव आणि अकोल्याला किंवा नागपूरला जायची गाडी. दुसरीकडे गजानन महाराजांचं दर्शन, दासगणू महाराजांच्या २१ अध्यायांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाचं पारायण आणि पिशवीत अंगाऱ्याची पुडी.

शहरात शिकणारा नातू म्हणतो, याने काय होणार? आजी म्हणते, यानेच होणार. मग बरोबर कोण?

हा प्रश्न संशोधकांनीही तपासलाय. १९९५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाचं ऑपरेशन झालेले, पंचावन्न आणि त्याहून जास्त वयाचे २३२ पेशंट होते. ज्यांना श्रद्धेतून बळ मिळत नव्हतं आणि जे चार लोकांच्या कुठल्या मंडळातही नव्हते, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. अर्थात यावरून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, श्रद्धेमुळेच जीव वाचला असं सिद्ध होत नाही.

मग लांबून कोणी प्रार्थना केली तर? २००६ साली सहा हॉस्पिटलमधल्या १,८०२ बायपास पेशंटवर हेच करून पाहिलं. अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण फायदा दिसला नाही. उलट 'तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण तसं नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्के होतं. 'आपली तब्येत इतकी बिघडलीय की काय?' या धास्तीने असं झालं असावं, ही एक शक्यता मांडली गेली.

म्हणजे पोथीने हृदयातला ब्लॉक निघत नाही. मात्र भीती कमी होऊ शकते, आणि हेही मोठंच काम आहे. घाबरलेल्या माणसाला झोप लागत नाही, बीपी वाढतं, ऑपरेशननंतर उठून चालायची हिंमत होत नाही. पारायणाच्या निमित्ताने शेजारीपाजारी येऊन बसतात, तोही आधार असतोच.

पण श्रद्धेची दुसरी बाजूही आहे. 'माझ्या हातून कोणतं पाप घडलं म्हणून देवानं हे भोग दिले?' असं काही जण मनातल्या मनात म्हणत राहतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दवाखान्यात भरती झालेल्या ५९६ वयस्कर पेशंटची दोन वर्षं नोंद ठेवली होती. देवाने आपल्याला शिक्षा दिली किंवा सोडून दिलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला.

त्यामुळे घरच्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

ऑपरेशनच्या दिवशी तीर्थ, प्रसाद किंवा पाण्यातून अंगारा देऊ नका. पोटात काही असेल तर भूल दिल्यावर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळा. अंगारा कपाळाला लावा, जखमेजवळ नको.

एकादशी, गुरुवार असे उपवास असतील तर आधीच सांगा. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येऊ शकते.

माळ, ताईत, अंगठी आत नेऊ देत नाहीत. आदल्या रात्रीच समजावून ती घरच्या माणसाकडे ठेवली, तर ऐनवेळी जीव घाबरा होत नाही.

अमावस्या टाळायची असेल तर 'थांबता येईल का?' हे डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर थांबू नका.

आणि पेशंटजवळ बसून एवढं जरूर विचारा, "आबाजी, तुम्हाला कशाची भीती वाटते?" पापाची गोष्ट निघाली तर हसू नका, रागावूही नका. हा आजार कशामुळे होतो, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोरच साध्या शब्दांत सांगायला लावा.