पंधरावं गुणसूत्र: आईचं आणि वडिलांचं

१९८१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये डेव्हिड लेडबेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेडर-विली सिंड्रोम असलेल्या मुलांची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईनं पाहिली. पंधराव्या गुणसूत्राचा एक छोटासा तुकडा त्यातल्या अनेक मुलांमध्ये नव्हताच. आजाराचं मूळ सापडलं, असं सगळ्यांना वाटलं. पण १९८७ साली ओरेगनमध्ये एलन मॅगेनिस यांना तसाच तुकडा गहाळ असलेली मुलं पुन्हा दिसली, आणि त्यांना प्रेडर-विली मुळीच नव्हता. त्यांचा आजार होता अँजेलमन सिंड्रोम. एकाच जागचा तेवढाच तुकडा दोन्हीकडे नाहीसा, आणि मुलं मात्र एकमेकांशी काडीचंही साम्य नसलेली.

ही मुलं किती वेगळी असतात ते आधी सांगायला हवं, कारण नुसत्या नावांवरून काहीच कळत नाही.

प्रेडर-विलीचं वर्णन १९५६ साली झ्युरिचच्या अँड्रिया प्रेडर, अलेक्सिस लाबहार्ट आणि हाइनरिक विली यांनी केलं. हे बाळ जन्मतं तेच लुळं. रडणं क्षीण, अंगात ताठरपणा नाही, दूध ओढायची ताकद नाही. कित्येकांना पहिले काही आठवडे नळीनं दूध द्यावं लागतं. बाळ जगेल की नाही या काळजीत आईवडील असतात. मग ते हळूहळू सावरतं, अंग धरतं, घर सुटकेचा निःश्वास टाकतं आणि पुढच्या काही वर्षांत नेमकं उलटं सुरू होतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. जेवून उठलेलं मूल पुन्हा भुकेलेलं असतं. स्नायू कमी असल्यामुळे त्याच्या शरीराला इतरांपेक्षा कमी उष्मांक पुरतात, आणि भूक मात्र अनावर असते. अशा घरांत स्वयंपाकघराला आणि फ्रीजला कुलूप लावावं लागतं. या मुलांना कुणी हावरट म्हटलं की माझा संताप होतो. तहानलेल्याला पाणी मागितल्याबद्दल आपण बोल लावत नाही.

अँजेलमनची गोष्ट इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावची. हॅरी अँजेलमन हे तिथले बालरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे वेगवेगळ्या वेळी आलेली तीन मुलं त्यांना सारखीच वाटत होती: बोलणं नाही, हातापायांच्या हालचाली झटके दिल्यासारख्या, फेफरं येणं, आणि तरीही चेहरा सतत हसरा. पुढे सुट्टीत इटलीला गेले असताना व्हेरोनाच्या कास्तेलवेक्किओ संग्रहालयात त्यांना जोव्हान्नी कारोतो या चित्रकाराचं एका हसऱ्या मुलाचं चित्र दिसलं. मुलाच्या हातात बाहुल्याचं रेखाटन. त्या चित्रानं त्यांना लिहायला उद्युक्त केलं, आणि १९६५ साली त्यांनी या मुलांना ‘कठपुतळी मुलं’ असं म्हणून निबंध प्रसिद्ध केला. आईवडिलांना ते नाव लागलं, आणि ते लागणारच. १९८२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी ते बदलून अँजेलमन यांचंच नाव आजाराला सुचवलं. दोन्ही आजार दुर्मीळ आहेत. साधारण पंधरा हजार जन्मांमागे एक, या आसपासचं दोघांचंही प्रमाण मानलं जातं.

मग एकाच तुकड्याच्या अभावानं दोन आजार कसे? बाळाच्या नाकाडोळ्यांवरून ते आईवर गेलं की बापावर याची चर्चा आपण बारशापासून करतो. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या शास्त्राला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. जनुक एकदा हाती आलं की ते कुठून आलं यानं फरक पडत नाही, असं शिकवलं जाई. त्या समजुतीला तडा गेला तो उंदरांच्या प्रयोगांनी. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात जेम्स मॅकग्राथ व डाव्होर सोल्टर यांनी फलित बीजांडातली केंद्रकं काढून बदलून पाहिली. दोन्ही केंद्रकं मादीची, किंवा दोन्ही नराची. जनुकं पुरेपूर होती, एकही कमी नव्हतं. पण एकही पिल्लू जन्माला आलं नाही. नुसत्या आईच्या जनुकांवर वार नीट वाढत नव्हती, नुसत्या वडिलांच्या जनुकांवर गर्भच नीट घडत नव्हता. म्हणजे जनुकांच्या अक्षरांपलीकडे काहीतरी होतं, आणि ते आईकडच्या व वडिलांकडच्या जनुकांना वेगवेगळं ओळखत होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनएवर बसणारे मिथाइलचे बारीक गट. जनुकाचं एकही अक्षर न बदलता ते त्याला गप्प करू शकतात. पोथीतला मजकूर तोच, पण काही पानं खळीनं चिकटवलेली, असं समजावं. आईच्या बीजांडात काही पानं चिकटतात, वडिलांच्या शुक्राणूत दुसरी. असे ठसे उमटण्याला इम्प्रिंटिंग म्हणतात. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं: हे ठसे कायमचे नसतात. गर्भात बाळाच्या जननपेशी घडताना जुने ठसे पुसले जातात आणि बाळाच्या स्वतःच्या लिंगाप्रमाणे नवे उमटतात. पुरुषाला आईकडून आलेलं गुणसूत्र त्याच्या शुक्राणूतून पुढे जाताना वडिलांच्या ठशानिशी जातं.

आता कोडं सुटतं. १९८३ साली मर्लिन बटलर यांनी दाखवलं होतं की प्रेडर-विलीत गहाळ तुकडा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रातला असतो. १९८९ साली कळलं की अँजेलमनमध्ये तो आईकडच्या गुणसूत्रातला असतो. त्या तुकड्यातली काही जनुकं फक्त वडिलांच्या प्रतीवरून बोलतात. ती गेली की आईची गप्प प्रत उपयोगाची नसते, आणि प्रेडर-विली होतो. तिथेच यूबीई३ए नावाचं जनुक आहे. मेंदूच्या चेतापेशींत ते फक्त आईच्या प्रतीवरून चालतं. पेशीतली जुनी, नको झालेली प्रथिनं मोडीत काढण्यासाठी त्यांच्यावर खूण करणं हे त्याचं काम. ते बंद पडलं की अँजेलमन होतो. या आजाराशी त्याचा संबंध १९९७ साली सापडला.

त्याच १९८९ मध्ये रॉबर्ट निकोल्स यांच्या गटानं आणखी एक थक्क करणारी गोष्ट मांडली. प्रेडर-विलीच्या काही मुलांत तुकडा गहाळ नव्हताच. दोन्ही पंधरावी गुणसूत्रं धडधाकट होती, पण दोन्ही आईकडचीच. असं होतं कसं? बीजांड तयार होताना कधी कधी गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि एकाऐवजी दोन जातात. वडिलांचं एक मिळून गर्भात तीन होतात. असा गर्भ सहसा टिकत नाही. क्वचित तो स्वतःच एक टाकून देऊन तगतो. टाकलेलं एक जर वडिलांचं निघालं, तर उरतात दोन्ही आईची. गर्भानं जगण्यासाठी केलेल्या धडपडीतूनच आजार उभा राहतो. प्रेडर-विलीच्या सुमारे चतुर्थांश मुलांचं कारण हे असतं. साधी गुणसूत्र तपासणी अशा वेळी ‘नॉर्मल’ येते आणि आईवडील वर्षानुवर्षं उत्तराविना फिरत राहतात. या आजारासाठी तपासायला हवेत ते मिथाइलचे ठसे. त्या एका तपासणीत प्रेडर-विली जवळजवळ नव्व्याण्णव टक्के मुलांत पकडला जातो. अँजेलमनमध्ये ती बहुतेकांना पकडते, पण यूबीई३ए मध्येच बिघाड असलेल्या सुमारे दहा टक्के मुलांसाठी जनुकाची अक्षरं वाचावी लागतात.

यातून घरांत काय होतं, त्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. आपल्याकडे मूल असं झालं की पहिला प्रश्न सुनेला जातो: तुमच्या माहेरी कुणी असं होतं का? गरोदरपणी काय खाल्लंस, ग्रहणात बाहेर पडलीस का? बहुतेक कुटुंबांत तुकडा गळणं किंवा वाटणी चुकणं हा पेशींच्या पातळीवरचा निव्वळ अपघात असतो. तो कुणाच्या खाण्यापिण्यानं घडत नाही आणि पुढच्या मुलात परत होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. थोड्या कुटुंबांत मात्र बिघाड खरोखर वारशानं येतो, आणि तेव्हा तो विचित्र वाट धरतो. यूबीई३ए मधला दोष वडिलांकडून मुलाला, त्या मुलाकडून त्याच्या मुलाला असा पिढ्यान् पिढ्या निमूट जातो, कारण वडिलांची प्रत मेंदूत तशीही गप्पच असते. मग त्याच घरातल्या एखाद्या मुलीकडे तो येतो. तीही ठणठणीत असते. पण तिच्या बीजांडातून जाताना त्यावर आईचा ठसा बसतो, आणि तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी होते. दोष तिला आला तिच्या निरोगी वडिलांकडून, आणि बोल मात्र तिला. म्हणून तपासणी ‘अँजेलमन आहे’ एवढ्यावर थांबवून चालत नाही. शक्य कारणांपैकी नेमकं कोणतं, हे कळल्याशिवाय पुढच्या मुलाबद्दल, मावशी-मामांच्या मुलांबद्दल कुणालाही काही सांगता येत नाही.

ठसा म्हणजे अक्षरातला बदल नव्हे, यातच उपचाराची आशाही आहे. अँजेलमनच्या मुलाच्या प्रत्येक चेतापेशीत वडिलांचं यूबीई३ए बहुधा शाबूत असतं. शेजारच्या जनुकापासून निघणारा एक लांबलचक आरएनए त्याच्यावरून उलट दिशेनं वाचला जातो आणि त्याला बोलू देत नाही. २०१२ साली उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या बेन फिल्पॉट, मार्क झिल्का आणि ब्रायन रॉथ यांनी दाखवलं की टोपोटेकॅन हे कर्करोगाचं औषध उंदरांच्या चेतापेशींत ही झोपलेली प्रत जागी करतं. २०१५ साली ह्यूस्टनच्या आर्थर बोडे यांच्या गटानं त्या उलट्या आरएनएलाच चिकटून त्याला मोडणारा छोटा रेणू वापरून उंदरांत हेच साधलं. पाठीच्या कण्यातून असे रेणू देण्याच्या चाचण्या आता मुलांवर सुरू आहेत. २०२० साली त्यातल्या एका चाचणीत मुलांच्या पायांतली शक्ती तात्पुरती गेली होती. चाचणी थांबवून, मात्रा कमी करून ती पुन्हा चालू केली गेली, आणि ते औषध पुढे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत गेलं. प्रेडर-विलीत आईची गप्प प्रत उघडण्याचे प्रयोग अजून प्रयोगशाळेपुरतेच आहेत. त्याच्या भुकेसाठी मात्र डायझॉक्साइड कोलीन या औषधाला २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

रॉटरडॅमच्या इपे एल्गर्समा यांच्या गटाचा २०१५ मधला प्रयोग मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उंदरांत यूबीई३ए वेगवेगळ्या वयांत चालू करून पाहिलं, तर हालचालींतले दोष थोड्या उशिरानंही सुधारले. इतर कित्येक वागण्यातले दोष फक्त अगदी लहानपणीच. माणसाच्या मुलांत ही वेळ नेमकी कधी उलटते ते अजून ठरायचं आहे, पण निदानाला लागणारं प्रत्येक वर्ष महाग पडतं, एवढं उघड आहे.

प्रेडर-विलीबद्दल तर हे आजच खरं आहे. वाढीचं हार्मोन तान्हेपणी सुरू केलं तर स्नायू, उंची आणि चरबीचं प्रमाण यांत ठळक फरक पडतो. आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात प्रेडर-विलीसाठी हे उपचार नोंदलेले आहेत, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालच्या विशेष केंद्रांपैकी एक आहे. म्हणून तालुक्याच्या गावी एखादं बाळ लुळं जन्मलं, दूध ओढेना, आणि इतर कारणं सापडली नाहीत, तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मिथाइल तपासणीचा नमुना पहिल्याच महिन्यात पाठवावा. तोवर भूक जागी झालेली नसते, आणि घराला तयारीसाठी काही वर्षं हाती असतात.