कात्री लावण्याआधी

"घरीच असतेस ना, मग आमचं पण तेवढं दळण घेऊन ये." शेजारच्या खाला असे म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वाईट काही नसते. आमच्या कुंभिवलीत काम म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खोपोली-खालापूरच्या कारखान्यात पाळीला जाणे म्हणजे काम. सकाळची लोकल पकडून मुंबईकडे जाणे म्हणजे काम. पावसाळ्यात भाताची लावणी म्हणजे काम. एक बाई लॅपटॉप उघडून बसली आहे आणि मधूनच कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे, याला काम कसे म्हणायचे?

मी सहा वर्षांपासून वेबसाइट तयार करते. कुठल्या कंपनीत नोकरी नाही. गिऱ्हाईक मिळेल तसे काम आणि काम होईल तसे पैसे. इंग्रजीत याला फ्रीलान्स म्हणतात. आपल्या मुलामुलींपैकी अनेकजण आता या वाटेने जाऊ पाहतात, म्हणून या धंद्याची गोड आणि कडू अशी दोन्ही बाजू सांगाविशी वाटली.

दिवस कसा जातो

फजरच्या नमाजनंतरचे दोन तास माझे सर्वांत मोलाचे. घर शांत असते, नेटचा वेगही बरा असतो. पानाची मांडणी, रंग, अक्षरे असे डोके लावायचे काम मी तेव्हाच करते. मुले शाळेत गेली की गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात. जुलैत पावसाने झोडपले की वीज जाते, नेट जाते, म्हणून लहान इन्व्हर्टर घेतला आणि दर अर्ध्या तासाने काम जतन करायची सवय लावली. रमजानमध्ये सहरीनंतर काम करते आणि अस्रनंतर फोन घेत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले की कोणी रागावत नाही, असा अनुभव आहे.

वेबसाइट बांधायला मी वर्डप्रेस वापरते. २००३ मध्ये सुरू झालेले हे साधन मोफत आहे आणि कोणालाही शिकता येते. खरी मेहनत वेगळीच असते. गिऱ्हाईक मराठी मजकूर जुन्या श्री-लिपीत टाइप करून पाठवते. छापखान्यात तो सुंदर दिसतो, पण वेबसाइटवर टाकला की नुसती चिन्हे उमटतात. तो युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि मग एकेक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावे लागते. अक्षरांसाठी मी बहुधा 'मुक्त' वापरते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला हा देवनागरी फाँट मोफत मिळतो आणि लहान पडद्यावरही स्वच्छ वाचता येतो. फोनवर काढलेले फोटो फार जड असतात, ते हलके करावे लागतात, नाहीतर कमी नेटवर पान उघडतच नाही. शेवटची परीक्षा सासूबाईंच्या साध्या फोनवर. तिथे पान उघडले तर कुठेही उघडेल.

सात महिने

तिसऱ्या वर्षी एक मोठे काम आले. आमच्याच भागात सुटीला येणाऱ्यांसाठी खोल्या भाड्याने देणारे एक गृहस्थ होते. तोंडी बोलणे झाले, वीस हजार रुपये. ओळखीतले होते, म्हणून आगाऊ रक्कम मागायला मला लाज वाटली. महिन्यात वेबसाइट तयार केली. मग बदल सुरू झाले. रंग बदला, फोटो बदला, आणखी दोन पाने जोडा, आता इंग्रजीतही करा. प्रत्येक वेळी मी 'हो' म्हटले. त्यांच्या खोल्यांची नोंदणी वेबसाइटवरून होऊ लागली, आणि पैशांचे विचारले की उत्तर यायचे, "या आठवड्यात बघतो."

असे सात महिने गेले. त्या पैशांवर मुलीच्या शाळेची फी भरायची ठरवली होती. शेवटी फीसाठी माझी अंगठी सोनाराकडे गेली. माझे पती चिडून म्हणाले, "सगळ्या चाव्या तुझ्याकडेच आहेत ना? बंद कर ती वेबसाइट." एका क्लिकचे काम होते. त्या रात्री मी बराच वेळ पडद्यासमोर बसून होते.

शिवणाची वही

सासूबाई तीस वर्षे शिवणकाम करतात. त्या शेजारी येऊन बसल्या आणि एवढेच विचारले, "लिहून घेतलं होतंस का, बेटा?"

नव्हते. मग त्यांनी आपली वही आणली. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचे नाव, माप, शिलाई किती ठरली, आगाऊ किती आले, कपडा कधी द्यायचा. "कापडाला कात्री लागली की मागे फिरता येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून पैशाचं बोलणं कात्रीच्या आधी. एकदा सैल-घट्ट करून देते, दुसऱ्यांदा त्याचे वेगळे पैसे. आणि ज्याने दिले नाहीत, त्याचा अंगातला कपडा आपण फाडत नाही. त्याचा पुढचा कपडा घेत नाही."

मी पदवी घेतली, संगणकाचा अभ्यासक्रम केला, पण हा धडा तिथे नव्हता. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, हेही मला माहीत होते. माहीत असणे आणि वहीत उतरवणे यांत मात्र अंतर होते.

मी वेबसाइट बंद केली नाही. तारखांसह केलेल्या कामाची यादी आणि बिल पाठवले आणि पुढचे काम थांबवत असल्याचे कळवले. दोन महिन्यांनी दहा हजार आले. उरलेले दहा हजार आजही आलेले नाहीत.

कागद आणि कायदा

आता माझीही वही आहे. काम सुरू करण्याआधी एक पानाचा करार करते. पाने किती, बदल किती वेळा, मजकूर कोण देणार, तारीख कोणती. चाळीस टक्के आगाऊ, चाळीस टक्के नमुना पसंत पडल्यावर आणि वीस टक्के वेबसाइट सुरू करण्याआधी.

कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. लेखी काही ठरलेले नसेल तर मुदत १५ दिवसांची. न मिळाल्यास सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन, विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध राहा. नोंदणी काम घेण्याआधीच करा. माझी नंतर झाली, म्हणून त्या वीस हजारांसाठी तिचा उपयोग झाला नाही. उशिरासाठी कायद्यात व्याजाचीही तरतूद आहे. ते घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारून ठरवावे. मुद्दल मागण्यात मात्र संकोच नको.

कंपनीने पैसे देताना टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून त्याचा हिशेब लावता येतो. म्हणून कमाई थोडी असली तरी विवरणपत्र भरावे. पुढे बँकेत किंवा व्हिसासाठी उत्पन्नाचा तोच कागद दाखवता येतो.

चाव्या ही अमानत

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिऱ्हाईक जसे फसवते, तसे कारागीरही फसवतो. काहीजण वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर घेतात आणि दरवर्षी गिऱ्हाइकाला अडवून पैसे उकळतात. दुकान त्याचे आहे, तर पाटीही त्याच्याच नावावर हवी. पासवर्ड ही अमानत आहे. हिशेब पुरा झाला की मी सगळे पासवर्ड लिहून हाती देते. चोरीचे सॉफ्टवेअर आणि दुसऱ्याचे फोटो वापरत नाही. त्याने दोन गिऱ्हाइके कमी होतात, पण कमाई स्वच्छ राहते.

बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत यांच्याविषयी अनेकांनी वाचले असेल. पुण्यात ऑफिस बॉयचे काम करता करता ते डिझाइन शिकले आणि टाळेबंदीत गावी परतल्यावर तिथल्या गोठ्यातून काम केले. गावात राहून हे काम होते, यात आता शंका नाही. पण घरच्यांची साथ हवी. घरात कोणी असे काम करत असेल तर त्याला एक कोपरा आणि ठरलेले तास द्या. पहिल्या वर्षी कमाई अनियमित असेल, म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडू द्या.

परवा खाला पुन्हा दळणाचे सांगायला आल्या. मी फोनवर होते. दारातूनच सासूबाई म्हणाल्या, "ती कामावर आहे. एक वाजता सुटेल." खाला ओट्यावर बसल्या. एक वाजता मी बाहेर आले, तेव्हा त्यांनी दळणाचे काढलेच नाही. विचारले, "आमच्या मुलीला हे शिकायला किती दिवस लागतील?"

मी म्हटले, "सहा महिने तरी. आणि येताना एक कोरी वही आणायला सांगा."