बी फ्लॅट हे मॉडेल नव्हे

विंझर गावातल्या आमच्या घराच्या माळ्यावरून गेल्या मे महिन्यात एक काळी पेटी खाली उतरली. आत मखमलीच्या खाचांत पाच तुकडे होते: माउथपीस, बॅरल, दोन जोड आणि भोंगा. आमचे चुलत आजोबा लग्नसराईत पुण्यात बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे आणि भातलावणीला गावी परतायचे. त्यांच्यामागं पेटी कुणी उघडली नव्हती. आता उघडली म्हटल्यावर ज्याचं त्याचं मत तयार. दादानं तर मॉडेलही ठरवून टाकलं. "बी फ्लॅट मॉडेल हाय. त्येच्यावरच लिवलंय की."

लिहिलंय खरं, पण तो वाद्याचा सूर आहे. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर काळी पाच. वादकानं कागदावरचा 'सी' वाजवला की या नळीतून काळी पाच ऐकू येते, एवढाच त्या अक्षराचा अर्थ. जगातली बहुतेक क्लॅरनेट याच सुराची असतात. त्यावरून मॉडेल सांगणं म्हणजे टायरवरचा आकडा बघून गाडीची कंपनी सांगण्यातला प्रकार.

भोंग्यावर इंग्रजीत एक नाव कोरलेलं होतं. ते बनवणाऱ्याचंच, असं सगळ्यांनी धरलं. तसं ते असतंही, पण नेहमी नाही. दुकानदार कारखान्याकडून कोरी वाद्यं घेऊन त्यांवर आपलं नाव कोरून घेत. ही रीत युरोपातही होती. शिवाय इंग्रजी अक्षरं दिसली म्हणून माल विलायती ठरत नाही. बँडच्या वाद्यांसाठी मेरठ प्रसिद्ध आहे. तिथली नादिर अली ही कंपनी १८८५ पासूनची, आणि मेरठची वाद्यं देशभरच्या बँडांत वाजत आली आहेत. नाव खरंच कारखान्याचं असेल तर मात्र ते उपयोगी पडतं. 'बूझी अँड हॉक्स' अशी दोन्ही नावं एकत्र असतील, तर ते वाद्य १९३० च्या आधीचं असूच शकत नाही, कारण या दोन लंडनच्या कंपन्या त्या वर्षी एक झाल्या. त्यांच्या वाद्यावर रीजंट, एजवेअर, इंपीरियल असा शब्द दिसला, तर तेच मॉडेलचं नाव. त्यातलं रीजंट शिकाऊंसाठी होतं.

आत्याचं म्हणणं वेगळंच. "चाव्या चांदीच्या हैत. म्हनून तर पेटीला कुलूप." चिंचेनं घासल्यावर त्या चकाकल्या, तेव्हा तिची खात्रीच पटली. (चिंच लावायला नको होती. आंबट पाणी पॅडात आणि स्प्रिंगांत शिरतं.) अशा जुन्या चाव्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. त्यात चांदी औषधालाही नसते. आणि 'जर्मन' म्हटल्यावर आपल्याकडं जे ॲल्युमिनियमचं पातेलं आठवतं, त्याच्याशीही याचा संबंध नाही.

अंगाबद्दल घरात दोन तट पडले. एक म्हणे शिसवी, दुसरा म्हणे प्लास्टिक. चांगली लाकडी क्लॅरनेट आफ्रिकन ब्लॅकवूडची असतात. टांझानिया-मोझांबिककडचं हे झाड आपल्या शिसवीचं भाऊबंद, एकाच वंशातलं, पण शिसवी नव्हे. आमचं वाद्य यातलं कुठलंच निघालं नाही. जिथं उजेड लागला होता तिथं ते शेवाळी-तपकिरी झालं होतं आणि चाव्यांच्या खाली काळंभोर राहिलं होतं. अंगठ्यानं जोरात घासून नाकाशी नेलं, तर जळक्या रबराचा वास आला. म्हणजे एबोनाइट, गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याला हलकं समजायचं कारण नाही. तोरण्याच्या पायथ्याच्या पावसाळ्यात लाकडी जोड फुगून एकमेकांत अडकतात आणि उन्हाळ्यात तडकतात. एबोनाइटला ते दुखणं नाही. ओळखण्यासाठी तापवलेली सुई टोचा, असा सल्ला काही जण देतात. तो मुळीच ऐकू नये. गरम पाण्यानंही धुऊ नये, उरलासुरला काळा रंग जातो.

मग मॉडेल कशावरून ओळखायचं? जे लिहिलेलं नाही, त्यावरून. वाद्य पालथं करा आणि वरच्या जोडाच्या मागं डाव्या अंगठ्याचं भोक बघा. त्याभोवती धातूची रिंग असेल तर ते बहुधा बोहम पद्धतीचं, सतरा चाव्या आणि सहा रिंगांचं. नुसतं भोक असेल तर जुन्या, सिंपल पद्धतीचं. आमच्याकडं भोक मोकळं होतं, आणि साऱ्या वाद्यावर मिळून दोनच रिंगा, त्याही खालच्या जोडावर. दादानं चाव्या मोजल्या. तेरा.

या तेराचा उगम इवान म्युलर याच्या १८१२ च्या क्लॅरनेटात आहे. पुढं ब्रसेल्सच्या यूजेन अल्बेर यानं ती रचना सुधारली, म्हणून तिला अल्बर्ट सिस्टमही म्हणतात. बोहम पद्धत मात्र बोहमनं केलेलीच नाही. थिओबाल्ड बोहम बासरीवाला. त्याच्या बासरीवरच्या रिंगांची कल्पना घेऊन क्लोझे हा वादक आणि ब्युफे हा कारागीर यांनी ती १८३९ मध्ये पॅरिसला क्लॅरनेटवर आणली. चाव्या कमी म्हणून वाद्य दोनशे वर्षांचं, हा हिशेबही चुकीचा. सिंपल पद्धतीची क्लॅरनेट विसाव्या शतकातही बनत होती.

इतक्या चाव्या लागतात तरी कशाला, सनईला तर एकही नसते, असं पुतण्यानं विचारलं. सनई भोंग्याकडं रुंद होत जाते, म्हणून जोरानं फुंकल्यावर तिचा सा वरच्या सावर जातो आणि तीच बोटं पुन्हा चालतात. क्लॅरनेटची नळी बहुतेक सरळ. तिचा सा उडी मारून थेट तार सप्तकाच्या पंचमावर पोचतो. मधली जागा भरायला बोटं पुरत नाहीत, ती चाव्या भरतात. त्या कशा मांडल्या, तीच 'पद्धत'.

आता खरी गोष्ट. आजोबा बँडमध्ये नावाजलेले, पण गावच्या भजनात त्यांचं क्लॅरनेट बेसूर लागायचं, असं घरात सगळे हसून सांगतात. शेवटी ते भजनात नुसते टाळ धरून बसत. पुतण्यानं मोजायचा टेप लावला. वाद्य नेहमीच्या बी फ्लॅटपेक्षा बोटाच्या रुंदीइतकं आखूड भरलं.

ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरात वाजत. आज 'ए' स्वराची कंपनं सेकंदाला ४४० धरतात, त्यांच्याकडं ती ४५२ च्या वर होती. फरक जवळपास पाव सुराचा. सूर चढा हवा तर नळी आखूड. काही वाद्यांवर तसा 'एचपी' असा शिक्का असतो (हा विहिरीवरच्या मोटारीचा एचपी नव्हे, हाय पिच). आमच्यावर शिक्का नाही, पण लांबी बोलते. अशा वाद्याची काळी पाच हार्मोनियमवरच्या काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडते. जोड थोडे ओढून धरले तर सूर उतरतो, पण सगळीकडं सारखा नाही. बँडमधली बाकीची वाद्यंही त्याच चढ्या सुराची असली की काही खटकत नाही. भजनातल्या हार्मोनियमशी मात्र जुळायचंच नाही. आत्या हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आन् आमी त्यास्नी हसायचो."

राहिला नंबर. नंबर टाकला की मॉडेल निघतं, असं दादाला वाटत होतं. प्रत्येक कारखान्याचे आकडे वेगळे, त्यामुळं कारखाना माहीत नसताना नंबर मुका. माहीत असेल तर साल काढता येतं. बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह २००४ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात गेला आणि कारखान्याच्या जुन्या नोंदवह्याही तिथं आहेत. नंबर दोन्ही जोडांवर बघायचा आणि तो एकच हवा. भिंग लावून पाहिलं, तर आमच्या वरच्या जोडावर एक आकडा आणि खालच्यावर भलताच. सांध्यावर बुचाऐवजी मेण लावलेला सुती दोरा होता, घट्ट आणि एकसारखा गुंडाळलेला. कधीतरी एक जोड गेला असणार आणि आजोबांनी दुसऱ्या वाद्याचा आणून बसवला असणार.

पेटीत ठेवायला दादानं चिठ्ठी लिहायला घेतली. "क्लॅरनेट, एबोनाइट, तेरा चाव्या, दोन रिंगा, चढा सूर." मग पेन थांबलं. "नंबर कोंचा लिवू?"

दोन्ही, म्हटलं. वरचा वर, खालचा खाली.