सुट्टी प्राण्यांना, माणसांना नव्हे!

प्राणिसंग्रहालयाचं फाटक बंद असतं, त्या दिवशी आत काय चालतं?

मुंबईच्या राणीच्या बागेत बुधवारी गेलात, तर बंद फाटक पाहून परतावं लागतं. दिल्लीत तेच शुक्रवारी, म्हैसूरला मंगळवारी. मुलं हिरमुसतात, आईवडील चरफडतात. पण आठवड्यातून किमान एक दिवस प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांना बंद ठेवायचं, हा देशभर लागू असलेला नियमच आहे. गर्दी आणि आरडाओरडा यांपासून मुक्या जिवांना एक दिवस तरी उसंत मिळते.

ही सुट्टी प्राण्यांची. त्यांच्या दिमतीला असलेल्या माणसांना मात्र काम चुकत नाही. कुंपणाची डागडुजी, हौदांची सफाई अशी कामं याच दिवशी उरकता येतात. बऱ्याच ठिकाणी वाघ-सिंहांना आठवड्यातून एकदा उपासही असतो. जंगलात तरी रोज शिकार कुठे मिळते?

एरवी कीपरचा दिवस प्रेक्षक येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. रात्री कोठडीत असलेलं जनावर उठलं का, पाणी प्यायलं का, मांस उरलं का, विष्ठा कशी आहे, हे सगळं तो पाहतो. मग जनावर मोकळ्या आवारात सोडायचं, मधलं दार लावायचं, कुलूप तपासायचं आणि मगच झाडू घेऊन कोठडीत शिरायचं. हा क्रम एकदा चुकला तर जिवावर बेततं. वर्षानुवर्षं हातचं खाणारा वाघसुद्धा शेवटी वाघच!

पण कीपरचं खरं काम झाडू मारण्याचं नाही, नजर ठेवण्याचं आहे. रानटी जनावर दुखणं लपवतं, कारण जंगलात दुबळेपणा दिसला की शत्रू टपलेलाच असतो. पिंजऱ्यातही ही सवय सुटत नाही. म्हणूनच कालच्यापेक्षा आज काही वेगळं आहे, हे रोज पाहणाऱ्यालाच प्रथम कळतं. डॉक्टरांचं काम त्यानंतर सुरू होतं.

हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात २०२१च्या एप्रिलमध्ये नेमकं हेच घडलं. सिंहांचं खाणं कमी झालं, नाक वाहू लागलं, खोकला दिसला. लक्षणं लक्षात येताच भूल देऊन नाकातले आणि घशातले नमुने घेण्यात आले. तपासणी झाली आणि मे महिन्यात निदान जाहीर झालं. आठ सिंहांना करोना! त्यांना वेगळं ठेवून उपचार झाले आणि ते बरे झाले. पुढच्याच महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूरला मात्र करोना झालेली एक सिंहीण दगावली.

माणसाचा रोग जनावराला लागतो आणि जनावराचा माणसालाही. क्षयरोग हे त्याचं जुनं उदाहरण. म्हणून कीपरची नियमित वैद्यकीय तपासणी ही त्याच्याइतकीच प्राण्यांच्याही हिताची. त्याची तब्येत, त्याचं प्रशिक्षण आणि त्याच्या हाताखाली पुरेशी माणसं यांवर पिंजऱ्यातल्या जिवाचं सुख अवलंबून असतं. नवं आवार बांधलं की उद्घाटन होतं, फोटो छापून येतात. रोज पहाटे कुलूप तपासणाऱ्या हातांचा फोटो कोण काढणार?

आपणही या हातांना थोडी मदत करू शकतो. प्राण्यांना डिवचणं, खाऊ घालणं, गोंगाट करून त्रास देणं आणि आवारात कचरा टाकणं, या सगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आपण कौतुकाने फेकलेल्या वेफरच्या पाकिटामुळे हरणाच्या पोटात प्लॅस्टिक जातं आणि कीपरची रात्र त्याच्या उशाशी जाते.

तेव्हा पुढच्या वेळी सिंह झोपलेला दिसला, तर मुलांना टाळ्या पिटू देऊ नका. पोट भरलेला, निर्धास्त सिंह दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो. तो तसा झोपू शकतोय, म्हणजे फाटकामागे कुणीतरी आपलं काम चोख करतंय!