कापसाचा ओलावा, रोहित्राचे तेल : विद्युतनिरोधकांची पारख

दसरा उलटला की वऱ्हाडातील कापूस खरेदी केंद्रांवर गाड्यांची रांग लागते. अकोला असो वा अमरावती, केंद्रावरचे दृश्य सारखेच. ग्रेडर गाडीतील कापसात हात घालतो, मूठभर कापूस एका लहानशा उपकरणात दाबतो आणि काही क्षणांत एक आकडा समोर येतो. तो ओलाव्याचा आकडा होय. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया मानतात. त्यापुढील प्रत्येक टक्क्यामागे भाव त्या प्रमाणात उतरतो आणि १२ टक्क्यांवरील कापूस घेतला जात नाही. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरविण्यात या उपकरणाचा असा मोठा वाटा असतो. गंमत अशी की, प्रचारात असलेली अशी बरीचशी उपकरणे प्रत्यक्षात ओलावा मोजतच नाहीत. ती मोजतात कापसाचा विद्युतरोध, आणि त्यावरून ओलावा ताडतात.

कोरडा कापूस हा उत्तम विद्युतनिरोधक आहे. मायकेल फॅरडे याने १८३१ साली लोखंडी कड्यावर तारेची वेटोळी गुंडाळून विद्युत् प्रवर्तनाचा सुप्रसिद्ध प्रयोग केला, तेव्हा तारांचे थर एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी त्याने सुती कापड आणि सुतळीच वापरली होती. पुढे कित्येक दशके यंत्रांच्या तारांवर सुताचे एकेरी किंवा दुहेरी वेष्टन चढविले जात असे. मात्र कापसाची सारी निरोधकता त्याच्या कोरडेपणावर उभी असते. ओलावा ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला, म्हणजे नुसता दुप्पट झाला, तरी कापसाचा रोध हजारपटीहून अधिक खाली येतो. याचे कारण असे की, तंतूने शोषलेल्या पाण्यात सूक्ष्म क्षार विरघळतात आणि त्यांचे विद्युतभारित कण प्रवाह वाहून नेऊ लागतात. एवढ्याशा फरकाने एवढा मोठा बदल घडत असल्यामुळेच ओलावा ताडण्यासाठी रोध हे इतके सोयीचे माप ठरले.

या सोयीत एक धोकाही आहे. कापूस उपकरणात किती दाबला, त्या वेळी तो किती तापलेला होता, मूठ गाडीच्या वरच्या थरातून घेतली की तळातून, या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून असतो. म्हणून एका मुठीवर निवाडा करणे हे मापनशास्त्राला धरून नाही. वरून, मधून आणि तळातून नमुने घ्यावेत, प्रत्येक वेळी सारखाच दाब द्यावा, आणि उपकरण ठरावीक मुदतीने प्रमाणाशी ताडून पाहावे. भट्टीत वाळवून वजनातील घट मोजणे ही ओलावा ठरविण्याची मूळ पद्धत होय. उपकरणाचा आकडा तिच्याशी जुळला पाहिजे. सरकी दातांखाली फोडून तिच्या आवाजावरून ओल ओळखणारे अनुभवी शेतकरी गावोगाव आहेत. त्यांचा अंदाज आणि उपकरणाचा आकडा यांत फार अंतर पडले, तर दोष नेहमी शेतकऱ्याचाच असतो असे नाही.

कापसाची ही कथा येथेच संपत नाही. तीच पुढे वीज वितरणाच्या रोहित्रात सुरू होते. गावकरी ज्याला ‘डीपी’ म्हणतात, त्या रोहित्राच्या पोटात तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी असतात, त्यांवर कागदाचे वेष्टन असते, थरांमध्ये जाड पुठ्ठे असतात आणि हे सारे खनिज तेलात बुडविलेले असते. कागद आणि पुठ्ठा म्हणजे रासायनिक दृष्टीने सेल्युलोजच. कापसाचा तंतूही सेल्युलोजचा. म्हणून कापसाला जे लागू, ते बहुतांशी रोहित्रातील कागदालाही लागू. पाणी हा दोहोंचा शत्रू आहे.

वरूड आणि मोर्शी या तालुक्यांतील संत्रा बागायतदारांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जानेवारीत पाणी देऊन आंबिया बहार धरला की एप्रिल-मेच्या उन्हात झाडावर लहान फळे असतात. नेमक्या त्याच दिवसांत पंपांचा भार शिगेला पोहोचलेला असतो आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी रोहित्र जळाले आणि पाण्याची पाळी चुकली, तर फळगळ सुरू होते. जळालेले रोहित्र आठवड्याने बदलून मिळाले तरी गळालेले फळ परत झाडाला लागत नाही. रोहित्र जळाले असे एका शब्दात म्हटले जाते. खरे पाहता ते एका दिवसात जळत नाही. त्याचे निरोधन अनेक महिने खालावत आलेले असते आणि योग्य मोजमापाने ते आधी कळू शकते.

यासाठीचे सर्वांत परिचित साधन म्हणजे मेगर. ब्रिटनमधील सिडनी एव्हरशेड याच्या कामातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुढे आले. हाताने दांडा फिरवून चालणारे जुने मेगर वऱ्हाडातील अनेक वायरमनांनी वापरले आहे. आता ते विद्युतघटावर चालते. ११ हजार व्होल्टच्या बाजूला साधारणतः २,५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन किती प्रवाह झिरपतो हे ते पाहते. रोध १,००० मेगओहम असेल तर झिरपणारा प्रवाह एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या अडीचपट, एवढाच भरतो. इतका क्षीण प्रवाह मोजायचा असल्याने बुशिंगवरची धूळ आणि दमट हवासुद्धा मापनात ढवळाढवळ करते. बुशिंग पुसल्यावाचून घेतलेले माप हे रोहित्राचे नसून धुळीचे असते.

मेगरचा काटा लगेच स्थिर होत नाही, हळूहळू वर चढत जातो. नवशिक्याला तो उपकरणातील दोष वाटतो. वस्तुतः दाब दिल्याबरोबर तीन प्रवाह एकाच वेळी सुरू होतात. निरोधकाला भारित करणारा पहिला प्रवाह क्षणार्धात संपतो. पदार्थातील रेणू दाबाच्या दिशेने वळताना जो दुसरा प्रवाह वाहतो, तो कित्येक मिनिटे मंदावत राहतो. तिसरा खऱ्या झिरपणीचा. तो तसाच टिकून असतो. निरोधन कोरडे असेल तर झिरपणी नगण्य असते आणि काटा दीर्घकाळ चढत राहतो. ओल असेल तर झिरपणीच वरचढ ठरते व काटा लवकर थांबतो. म्हणून दहाव्या मिनिटाचा रोध भागिले पहिल्या मिनिटाचा रोध हा भागाकार काढतात. मोठ्या जनित्रांच्या बाबतीत तो २ किंवा त्याहून अधिक असावा अशी अपेक्षा असते. अकोला जिल्ह्यातील पारस येथे २००८ व २०१० या वर्षी कार्यान्वित झालेल्या २५० मेगावॉटच्या दोन संचांसारख्या जनित्रांत अभ्रकाचे निरोधन असते आणि दीर्घकाळ बंद राहिलेले जनित्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी हे माप घेण्याचा प्रघात आहे.

तपमानाचा विचार न करता घेतलेला मेगरचा आकडा मात्र फसवा ठरतो, आणि वऱ्हाडासारख्या प्रदेशात तर फारच फसवा. तपमान १० अंशांनी वाढले की निरोधनाचा रोध ढोबळ मानाने निम्मा होतो. जानेवारीतील सकाळी वेटोळ्यांचे तपमान १५ अंश असताना ८०० मेगओहम रोध मिळाला, तर त्याच रोहित्राचा रोध मे महिन्यात ४५ अंशांना सुमारे १०० मेगओहम भरेल. निरोधनात तिळमात्र बिघाड नसताना आकडा आठपट उतरलेला दिसेल. याच्या उलटही घडते. खरोखर ओल धरलेले रोहित्र थंडीत तपासले तर ते निर्दोष भासते. म्हणून नोंदवहीत रोधाच्या शेजारी तपमानाचा रकाना असावाच लागतो; तो रिकामा असेल तर वर्षानुवर्षांच्या नोंदींचा परस्परांशी मेळ घालता येत नाही. एका आकड्यापेक्षा त्याच रोहित्राच्या पाच वर्षांतील आकड्यांचा कल अधिक बोलका असतो.

मेगर एकदिश दाब देते, रोहित्र मात्र प्रत्यावर्ती दाबावर चालते. सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करणाऱ्या दाबाखाली निरोधक कसा वागतो हे पाहण्यासाठी वेगळे माप लागते. आदर्श निरोधकात प्रवाह दाबाच्या बरोबर पाव आवर्तन पुढे असतो आणि ऊर्जेचा व्यय होत नाही. प्रत्यक्षात तो किंचित कमी पुढे असतो. ही उणीव ज्या कोनाने दर्शवितात त्याला डेल्टा म्हणतात व त्याच्या स्पर्शज्येला टॅन डेल्टा. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड शेरिंग याने १९२० च्या सुमारास योजलेल्या सेतुमंडलाने हे माप अचूक घेता येऊ लागले. चांगल्या मोठ्या रोहित्राचा टॅन डेल्टा २० अंशांना अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. तो एक टक्का ओलांडू लागला की अभियंते सावध होतात, कारण तेवढी ऊर्जा निरोधकातच उष्णता होऊन राहते, त्या उष्णतेने व्यय आणखी वाढतो आणि चक्र सुरू होते.

तेलाची परीक्षा याहून रोखठोक आहे. एका पात्रात २.५ मिलिमीटर अंतरावर दोन धातूचे अग्र असतात. त्यांमध्ये तेल भरून दाब सेकंदाला २ किलोव्होल्ट या गतीने वाढवीत नेतात आणि ज्या दाबाला ठिणगी पडते तो नोंदवितात. अशी सहा मापे घेऊन सरासरी काढतात. एवढ्याच अंतरातील हवा सात-आठ किलोव्होल्टला हार खाते. नव्या, न गाळलेल्या तेलाने किमान ३० किलोव्होल्ट सोसावेत आणि गाळून वाळविल्यावर त्याच्या दुपटीच्या आसपास जावे अशी अपेक्षा असते. तेलात पाणी किती असले म्हणजे धोका? दहा लाख भागांत पन्नास भाग, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपात दोन चहाच्या चमच्यांहूनही कमी पाणी, चिंतेचे कारण ठरते. त्यात तंतू मिसळला तर पाहायलाच नको. ओला तंतू विद्युत् क्षेत्रात दाबाच्या दिशेने उभा राहतो, त्याला दुसरा येऊन चिकटतो आणि दोन अग्रांमध्ये जणू पूल बांधला जातो. ठिणगी त्याच पुलावरून जाते. या कारणास्तव परीक्षेचे पात्र सुती बोळ्याने पुसण्यास मनाई असून त्यासाठी मऊ चामडे किंवा तंतू न सोडणारे कापड वापरावे लागते. कापसाच्या मुलखात कापसालाच मज्जाव असलेली अशी ही बहुधा एकमेव जागा असावी.

पाणी रोहित्रात शिरते ते बहुधा श्वासावाटे. दुपारी तेल तापून प्रसरण पावते व आतील हवा बाहेर पडते. रात्री तेल निवते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. वऱ्हाडात दिवस-रात्रीच्या तपमानातील तफावत मोठी असल्याने हा श्वासही दीर्घ असतो. वाटेत सिलिका जेलचे भांडे असते. निळे जेल ओल शोषून गुलाबी झाले की ते बदलावे किंवा भाजून पुन्हा वापरावे. हे पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही, जाता-येता नजर टाकली तरी पुरते. तरीही पहिला पाऊस पडून गेल्यावर गुलाबी जेल मिरविणारी रोहित्रे आढळतात. इतकी स्वस्त दक्षता इतकी दुर्लक्षित राहावी, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

उष्णता हा दुसरा शत्रू असून तिची हानी भरून येत नाही. ओला कागद वाळविता येतो. भाजलेला कागद पूर्ववत होत नाही. तपमान सुमारे ६ ते १० अंशांनी वाढले की कागदाचे आयुष्य निम्म्यावर येते. नव्या कागदातील सेल्युलोजच्या साखळीत हजाराच्या आसपास दुवे असतात; ते दोनशेवर आले की कागद हाताने चुरडता येतो. रोहित्र न उघडता ही झीज ओळखण्यासाठी तेलात विरघळलेले वायू तपासतात. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागद भाजत असल्याची शंका येते, ॲसिटिलीन आढळले तर आत ठिणग्या पडत आहेत असे समजतात. अकोला व अमरावती परिसरातील उच्चदाब उपकेंद्रांतील मोठ्या रोहित्रांना अशी तपासणी परवडते. गावच्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या रोहित्राला ती परवडत नाही, आणि खर्चाच्या हिशेबाने ते समजण्यासारखे आहे. परंतु हंगामापूर्वी तेलाची पातळी, जेलचा रंग आणि मेगरचा एक तपमानासह आकडा एवढे तरी गावच्या वाट्याला यावयास हवे.

उघड्यावरील चिनी मातीच्या निरोधकांची गोष्ट निराळी. त्यांचा पदार्थ सहसा बिघडत नाही, बिघडतो तो पृष्ठभाग. उन्हाळाभर बसलेली धूळ कोरडी असताना निरुपद्रवी असते. पहाटेचे दव किंवा पावसाची पहिली भुरभुर तिला भिजविते आणि क्षार विरघळून पृष्ठभागावरून प्रवाह वाहू लागतो. म्हणूनच पहिल्या मुसळधार पावसापेक्षा पहिल्या भुरभुरीत वीज अधिक वेळा जाते. प्रदूषित भागात निरोधकाच्या कडांवरून मोजलेली वाट दर किलोव्होल्टमागे २५ मिलिमीटर, फारच प्रदूषित भागात ३१ मिलिमीटर ठेवण्याची शिफारस आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत, आणखी एक पथ्य पाळावे लागते. निरोधक धुण्यासाठी जवळच्या विहिरीचे पाणी घेऊ नये. ते वाळल्यावर मागे जो पांढरा थर राहतो, तो धुतलेल्या धुळीपेक्षा वाईट असतो. धुण्याचे पाणी किती क्षारयुक्त आहे हेही विद्युतरोध मोजूनच ठरविले जाते, आणि खरेदी केंद्रावरील उपकरणाप्रमाणेच तेथेही पाण्याचे तपमान नोंदवावे लागते.