मोजलं कुणी?

खर्ड्यातल्या एखाद्या घरात संध्याकाळी काय काय सुरू असतं, बघा. टीव्हीवर आजीची मालिका, बाबांच्या मोबाइलवर कीर्तन, तुमच्या हातात वेबसिरीज. टीआरपीत मात्र यातली फक्त आजीची मालिका येऊ शकते. असं का?

टीव्हीची प्रेक्षकसंख्या 'बार्क' ही संस्था २०१५ पासून मोजते. चॅनेलच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण निवडक घरांत बसवलेलं मीटर ती बरोब्बर पकडतं. टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक जण आपापलं बटण दाबतो. अशा हजारो घरांवरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जातो.

आणि आवाजात खूणच नसेल तर? मग 'फिंगरप्रिंट'. अनोळखी गाणं 'शाझम'ला ऐकवून नाव शोधता ना, अगदी तसंच! आवाजाचा छोटासा तुकडा घ्यायचा आणि त्याचा ठसा संग्रहातल्या ठशांशी जुळवून बघायचा. जुळला, तर नाव सापडलं. संग्रहातच नसला, तर तो 'अनोळखी'.

खरी गोम इथेच आहे. समजा, १७९५ च्या मराठे-निजाम लढाईवर तुम्ही खर्ड्याच्या किल्ल्यात व्हिडिओ शूट केला. सगळ्या घराने तो टीव्हीवर लावून पाहिला, तरी संग्रहात नसेल तर मोजणाऱ्यासाठी तो अनोळखीच. व्ह्यूज दिसतील, पण एका व्ह्यूमागे सहा जण बसले होते, हे कोण सांगणार? जाहिरातीचा पैसा तर आकड्यांमागेच धावतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "गावाकडचं असलं कोण बघतं?" तर बिनधास्त विचारा, "मोजलं कुणी?"